चौरंगाएवढी मोटार

मोटार खाली बसवल्याचा पहिला राग कुत्र्यांना आला. आमच्या गल्लीतली दोन कुत्री रोज दुपारी वकीलसाहेबांच्या मोटारीखाली सावलीला झोपत. लोहाराकडून मोटार परत आली त्या दुपारी ती नेहमीसारखी आली. एकाने सवयीने डोकं खाली घातलं, ते अडकलं, कसंबसं त्याने बाहेर ओढून घेतलं. मग दोघंही जरा लांब, उन्हात बसून गाडीकडे पाहत राहिली. ओट्यावर उभे असलेले वकीलसाहेब त्यांना शांतपणे म्हणाले, "अपील करा."

मी तेव्हा त्यांच्या घरी पुढच्या खोलीत राहत होतो. चांद्याच्या एका हायस्कुलात मला नुकतीच मास्तरकी लागली होती. चिमूरकडच्या आमच्या खेड्यात बी. ए. झालेला मी पहिलाच. घरची सगळी धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, राबणारी माणसं. शहरात खोली कशी शोधतात हेही मला ठाऊक नव्हतं. वकीलसाहेबांनी कोर्टाच्या आवारात माझी ट्रंक पाहिली, माझं तोंड पाहिलं आणि विचारलं, "जागा पाह्यजे का ट्रंकेले?" ट्रंक त्यांच्या घरी गेली, तिच्यामागून मी. भाड्याचा विषय काढला की ते कानावर हात ठेवत. आज मी जो काही आहे त्यात त्या पुढच्या खोलीचा मोठा वाटा आहे. म्हणूनच पुढचं लिहिताना संकोच होतो.

उंच, हडकुळा माणूस. धोतरावर काळा कोट. घरात ते कधी खुर्चीवर बसलेले मला आठवत नाहीत. जेवण सोडलं तर सगळं उभ्याने. म्हणत, दिवसभर न्यायाधीश बसतात आणि मी उभा असतो, घरी येऊन ती सवय मोडली तर उद्या कोर्टात पाय दुखतील. त्यांचे बहुतेक पक्षकार जंगलातले. कुणी सरकारी रानात गुरं चारली म्हणून पकडलेला, कुणी घराच्या आढ्यासाठी सागाचा एक वासा तोडलेला. ती माणसं फी म्हणून मध आणत, डिंक आणत, आणि सगळ्यात जास्त चारोळी. वकीलसाहेब नाही म्हणत नसत. घरात चारोळीचे डबे, चारोळीची गाडगी. बाई म्हणजे त्यांच्या पत्नी, त्या पोह्यात चारोळी घालत, भाजीत घालत, एकदा आमटीतही घातली होती. पैसा मात्र त्या घरात क्वचितच दिसे.

अशा घरात मोटार आली. मालगुजाऱ्या, म्हणजे गावोगावच्या जमीनदाऱ्या, गेल्या होत्या, जुने मालगुजार घरातलं एकेक काढून विकत होते. त्यांतल्या एकाची ही शिकारीची मोटार. टप उघडा, रंग उडालेला. शिकाऱ्याला नाले, दगड ओलांडता यावेत म्हणून मालगुजाराने तिच्या कमानींत, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगांत, जादा पोलादी पाटे घालून घेतले होते. त्यामुळे ती जमिनीपासून इतकी उंच होती की आत चढायचं म्हणजे मचाणावर चढण्यासारखंच. कोर्टातले लोक म्हणाले, वकीलसाहेबांना मोठेपणाची हौस आली. बाई दारापर्यंत आल्या, त्या उंच पायरीकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि आत गेल्या.

पुढच्याच आठवडी बाजाराच्या दिवशी काळ्या कोटातले वकीलसाहेब घरातला लाकडी चौरंग काखेत मारून भर बाजारातून चालत निघाले. एका दुकानदाराने विचारलं, "वकीलसाहेब, सत्यनारायण कुठी आहे जी?"

"लोहाराकडे," ते म्हणाले.

तो लोहार बैलगाड्यांच्या चाकांवर लोखंडी धावा चढवणारा. मोटार त्याने कधी उघडली नव्हती. नागपूरच्या कारखान्यात नेण्याची वकीलसाहेबांची ऐपत नव्हती, तेव्हा दोघांनी मिळून ती उघडली. चौरंग मोटारीच्या पायरीशेजारी ठेवायचा आणि पायरी चौरंगाला टेकेपर्यंत गाडी खाली आणायची, एवढा एकच हुकूम होता. आधी शिकारीचे जादा पाटे काढले. गाडी थोडी खाली आली. मग मूळच्या पाट्यांतलेही काही काढले. तरी पुरेना, तेव्हा उरलेले पाटे भट्टीत तापवून, ठोकून सपाट केले. शेवटी कमान आसाच्या खालून घेऊन दोहोंच्या मध्ये धावड्याच्या लाकडाचे ठोकळे घातले आणि घोड्याच्या नालेसारखे वाकवलेले बोल्ट घट्ट आवळले. लोहाराला मजुरी म्हणून काढलेलं पोलाद मिळालं. कमानीच्या पाट्याचा विळा वर्षानुवर्षं धार सोडत नाही. त्या साली आसपासच्या गावांत धान कापलं गेलं ते निम्मंअधिक आमच्या मोटारीनेच, असं लोहार सांगत फिरे.

गाडी का खाली बसवली, असं लोक विचारत. आमच्या भागात प्रत्येकजण गाडी उंच करायच्या मागे, आणि हा माणूस खाली करतो. वकीलसाहेबांनी एकच उत्तर दोनदा दिल्याचं मी ऐकलं नाही. जंगल खात्याच्या रेंजरला सांगितलं, खाली वाघाला लपायला जागा राहू नये म्हणून. न्यायाधीशांना सांगितलं, वकिलाने कोर्टात येताना नम्र असावं. फौजदाराला म्हणाले, चोराने नेली तर घासण्याच्या आवाजाने सापडेल.

आवाजाचं मात्र खरं होतं. दबायला कमानीत काही उरलंच नव्हतं. रस्त्यातला खडा खडा पाठीच्या मणक्याला कळे. मागे दोन भरल्या अंगाची माणसं बसली की चाकं मडगार्डला घासून रबराचा वास येई. वकीलसाहेबांनी छिन्नीने मडगार्ड कापले, तेव्हा ती आणखी विद्रूप झाली. धुराचा नळ तर कुठल्याही उंचवट्यावर जमिनीला लागून खरखरे आणि ठिणग्या उडवी. कोण कुठे बसेल हे ते माणसाचं वजन डोळ्यांनी जोखून ठरवत. मी हलका, म्हणून माझी जागा कायमची मागे.

ते मला रोज शाळेत सोडत. कोर्टाच्या वाटेवरच शाळा होती, तेव्हा नाही म्हणायला कारणही नव्हतं. वेशीतून आत शिरताना गाडीचं पोट दगडी उंबरठ्याला घासे आणि दोन्ही बाजूंचे लोक वळून पाहत. मी मागच्या सीटवर, जमिनीपासून वीतभर उंचीवर, गुडघे छातीशी घेऊन बसलेला, आणि माझ्याच वर्गातली मुलं पायी चालत असूनही माझ्यापेक्षा उंच. एकदा एक मुलगा मित्राला म्हणाला, "मास्तर गाडीत आहे का गाडीखाली?" मी ते ऐकलं. हेडमास्तरांनीही हसत विचारलं, की तुमच्या वकीलसाहेबांकडे रांगणारी मोटार आहे म्हणे. मी हसलो. त्या हसण्याचीसुद्धा लाज वाटली, पण हसलो.

त्यानंतर मी शाळेच्या अलीकडच्या गल्लीत उतरायला लागलो. आधी सांगितलं, वह्या घ्यायच्या आहेत. मग सांगितलं, एका मुलाच्या वडिलांना भेटायचं आहे. तिसऱ्या खेपेला काय सांगावं याचा विचार करत मी मागे बसलो होतो, तर त्या गल्लीच्या तोंडाशी वकीलसाहेबांनी आपणहून गाडी थांबवली. मागे न पाहता म्हणाले, "मास्तर, इथून पायी जाता का? मले बाजारात काम आहे."

बाजार उलट दिशेला होता. पुढे रोजच त्यांना बाजारात काम निघू लागलं. मी उतरे आणि गाडी सरळ शाळेवरूनच कोर्टाकडे खरखरत जाई.

बाईंविषयी सांगायला हवं. विहिरीजवळ पाय घसरून त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं होतं, ते वाकडंच जुळलं. काठी घेऊन घरात फिरत, पण पाऊल वर उचलणं जमत नसे. न्हाणीतला चौरंग, एवढीच त्यांची उंची. त्याच्यावर पाय चढे, त्याहून वर नाही. त्या कधीच कुठे जात नसत. महाकालीच्या जत्रेला सगळं गाव लोटायचं, बाई घरातच असायच्या. मला वाटे, त्यांना आवडत नसेल.

एका संध्याकाळी चारोळी निवडताना त्यांनीच सांगितलं. नागपूरच्या दवाखान्यातून परत येताना बसमध्ये चढता येईना. सोबत त्यांचा धाकटा भाऊ होता. त्याने आणि कंडक्टरने दोन हमाल बोलावले. बाईंना चादरीत घातलं, चार टोकं धरली आणि वर घेतलं. अड्ड्यावर ओळखीचे लोक होते, वकीलसाहेबांचे पक्षकार होते. चादर वर जाताना लुगडं सरकलं. ते सावरायला हात मोकळा नव्हता, कारण दोन्ही हातांनी चादर धरली होती.

"भावानं चांगल्यासाठीच केलं, मास्तर," त्या म्हणाल्या. "पण मी काय धानाचं पोतं आहो का?" आणि चारोळीतला खडा काढून त्यांनी बाजूला टाकला. त्या दिवसानंतर त्या उंबऱ्याबाहेर गेल्या नव्हत्या. भाऊ न्यायला दोनदा आला, त्याला त्यांनी दारातूनच परत पाठवलं होतं.

वैशाखात त्या भावाच्या मुलीचं लग्न निघालं. अक्षता घेऊन तो स्वतः आला. बाई आतून म्हणाल्या, माझे आशीर्वाद तिथेच समजा. तो गेल्यावर वकीलसाहेबांनी मोटार अंगणात आणली आणि इतके दिवस लोहाराकडेच राहिलेला चौरंग आणून तिच्या पायरीला लावून ठेवला. दोन्ही बरोबर सारखे. बाईंना हाक मारली.

बाई काठी टेकत आल्या. बराच वेळ त्या चौरंगाकडे पाहत राहिल्या, मग पायरीकडे. मी खोलीच्या दारात होतो. गावभर वाघ, नम्रता आणि चोर सांगत फिरलेला माणूस नुसता मोटारीचं दार उघडून बाजूला झाला. बाईंनी पाऊल पायरीवर ठेवलं, आडव्या बसल्या, पाय आत घेतले.

"आता माहा चौरंग तरी न्हाणीत ठेवा," त्या म्हणाल्या. "इतके दिस खोक्यावर बसून राह्यली मी."

लग्नाला आम्ही तिघं निघालो. वकीलसाहेब गाडी हाकायला, बाई त्यांच्याशेजारी, मी मागे. माझ्या पायाशी गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी जड होतं. मला वाटलं, आहेराची भांडी. मूल गावापर्यंत रस्ता बरा होता. त्यापुढे मोठा रस्ता सोडून आत वळायचं, वाळलेल्या बांध्यांमधून बैलगाड्यांची वाट. पावसाळ्यात लाकडाने भरलेल्या गाड्या जाऊन तिथे खोल चाकोऱ्या पडतात, उन्हाळ्यात त्या दगडासारख्या वाळतात आणि मध्ये उंचवट्याचा लांब वरंबा राहतो. लग्नघरातले ढोल ऐकू येत होते, तेवढ्यात मोटार त्या उंचवट्यावर पोट टेकून बसली. चाकं नुसती फिरली. धूळ उडाली.

वकीलसाहेब खाली उतरले, कोट काढून दारावर टांगला आणि माझ्या पायाशी असलेलं गोणपाट उघडलं. आत कुदळ आणि फावडं.

"तुम्हाला ठाऊक होतं?" मी विचारलं.

"माही सासुरवाडी आहे जी. ही वाट मले ठाऊक नसन तं कोनाले?" ते म्हणाले. "गाडी आणखी वर ठेवली असती तं बाई बसली नसती. मंग रस्ताच खाली आणा लागन."

आणि ते खोदायला लागले. गाडीपुढचा मधला उंचवटा फोडायचा, चाकोरीत लोटायचा. मीही नवा सदरा घालून फावडं चालवू लागलो. बाई पदर नाकापर्यंत ओढून बसल्या होत्या.

"परत फिरवा गाडी," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या.

"फिरवाले जागा नाई."

खरंच नव्हती. आणि तेवढ्यात आमच्या मागून वऱ्हाड आलं. सजवलेल्या बैलबंड्यांची रांग आमच्या मोटारीमागे येऊन थांबली. वाट एकच, तीही आम्ही अडवलेली. मला त्या चाकोरीतच गडप व्हावंसं वाटलं. बंडीतून एकजण म्हणाला, "मोटार पानी पेऊन राह्यली का?" बायका हसल्या. दुसरा म्हणाला, "उठवू नका जी, दमली आहे बिचारी." एकाने माझ्याकडे बोट दाखवून म्हटलं, हा रस्त्यावरचा गँगमन सदरा तर भारी घालून आला आहे. मी मान वर केली नाही.

नवऱ्या मुलाचा काका खाली उतरला. वयस्क, कामाचा माणूस. त्याने मोटारीवर आणि बाईंच्या काठीवर एक नजर टाकली आणि सरळ तोडगा काढला. मुहूर्त टळतो आहे. चार पोरं लावतो, गाडी शेताच्या धुऱ्यावर ढकलू. पण आधी बाईंना उचलून बंडीत घेऊ. "चादर आणा रे एक," तो मागे वळून म्हणाला.

बाईंनी मोटारीचं दार दोन्ही हातांनी धरलं. पदरातून चेहरा दिसत नव्हता. बोटं दिसत होती.

वकीलसाहेब फावडं टाकून दारासमोर आले. घामाने सदरा अंगाला चिकटलेला, धोतर मातीने भरलेलं. मी वाट पाहत होतो की आता ते काहीतरी विनोदाचं बोलतील आणि सगळे हसतील. ते म्हणाले, "हात नाई लावाचा."

"अवो, दोन मिनिटाचं काम..."

"तिले कोनी उचलाचं नाई. ती आपल्या पायानं उतरन."

त्या आवाजात त्यांना बोलताना मी कोर्टातही ऐकलं नव्हतं. हसणं थांबलं. काका अपमान झाल्यासारखा उभा राहिला, कारण त्याला खरंच मदत करायची होती.

कुणीतरी पळत जाऊन नवरीच्या बापाला, म्हणजे बाईंच्या भावाला घेऊन आलं. डोक्याला फेटा, कपाळाला हळदकुंकू, खांद्यावर उपरणं. त्याने वऱ्हाड पाहिलं, खोदलेली माती पाहिली, चादर हातात घेऊन उभं असलेलं पोर पाहिलं. मग बहिणीकडे पाहिलं. बाईंनी मान वळवली. त्याची नजर हळूहळू खाली आली आणि मोटारीच्या पायरीवर थांबली. ती पायरी जमिनीपासून किती आहे हे तो पाहत राहिला.

त्याने फेटा उतरवून मडगार्डवर ठेवला. माझ्याजवळ येऊन म्हणाला, "आना मास्तर, कुदळ." आणि मुलीच्या लग्नाच्या दिवशी, वऱ्हाडासमोर, तो रस्ता फोडू लागला.

नवरीचा बाप उन्हात खोदतो आहे आणि पाहुण्यांनी बंडीत बसून पाहायचं, हे आमच्याकडे होत नाही. आधी तो काका वाकला. मग बंड्यांमधून माणसं उतरली. कुणी बैल हाकायच्या काठीने ढेकळं फोडली, कुणी हातांनीच माती लोटली. पोरांनी शेजारच्या खळ्यावरून आणखी कुदळी आणल्या. मध्येच भाऊ खोदता खोदता, वर न पाहता म्हणाला, "आक्का, पानी पेतं का?" आणि पदरामागून "हो" आलं. एवढाच त्या दोघांचा समेट मी ऐकला.

मोटार निघाली तेव्हा तिच्यात वकीलसाहेब आणि बाई, दोघंच. ओझं कमी हवं म्हणून बाकी सगळे पायी. पुढे ती बेढब, कापलेल्या मडगार्डांची, जमिनीला लागलेली मोटार, मागे ढोलवाले, नवरदेवाची बंडी, मातीने माखलेलं वऱ्हाड. मांडवाच्या दाराशी ती थांबली. सगळं गाव पाहत होतं. वकीलसाहेबांनी बाईंच्या बाजूचं दार उघडलं आणि दोन पावलं मागे सरकले. बाईंनी पाय बाहेर काढले, काठी टेकली आणि उभ्या राहिल्या. लुगड्याची एक चुणीही हलली नाही. भाची धावत येऊन त्यांच्या गळ्यात पडली.

वकीलसाहेबांनी इंजिनाचं झाकण उघडलं आणि त्यात डोकं घालून बराच वेळ काहीतरी पाहत राहिले. त्यात पाहण्यासारखं काही नव्हतं. मी जवळ गेलो, तर म्हणाले, "जेवाले जा, मास्तर. मी येतो."

लग्नानंतरच्या सोमवारी आम्ही नेहमीसारखे निघालो. मी रात्रीच ठरवलं होतं. मागच्या सीटवर नेहमीपेक्षा ताठ बसलो होतो. वेशीत पोट घासलं, लोकांनी वळून पाहिलं, मीही त्यांच्याकडे पाहिलं. शाळेच्या फाटकासमोर, हेडमास्तरांच्या देखत उतरायचं, एवढीच माझी इच्छा होती. गल्लीचं तोंड आलं. गाडी थांबली.

"वकीलसाहेब, आज शाळेपर्यंत चला," मी म्हणालो.

ते मागे वळले. चेहऱ्यावर राग नव्हता, टोमणा तर मुळीच नव्हता. मी उगाच त्यांच्या मनासाठी म्हणतो आहे असं त्यांना वाटलं असावं. माझी लाज त्यांनी केव्हाच ओळखली होती आणि घरातल्या चारोळीसारखी, नाही न म्हणता, ठेवून घेतली होती.

"नाई जी," ते म्हणाले. "मले बाजारात काम आहे."

मी दार उघडलं. उतरायला पाय उचलावासुद्धा लागला नाही. तो आपोआप जमिनीवर आला.